जिन्यातली महागाई

महागाईबद्दल आमच्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुम्ही याला फुशारकी म्हणा! पण आकडेवारी खात्याच्या भाव विभागात मी इतकी वर्षं बसतोय की माझ्या खुर्चीच्या गादीला माझाच आकार आलाय. दर सोमवारी सकाळी मी फोन उचलतो आणि गॅसवाल्याला विचारतो, "काय भाव?" तो म्हणतो, "तोच." मग वीज कंपनीला विचारतो, "काय दर?" तिथली बाई म्हणते, "तोच. आणि पुन्हा तुम्हीच का?"

हे दोन आकडे मी वरच्या मजल्यावर पाठवतो. तिथे ते साबण, चपला, छत्र्या, बसचं तिकीट, दाढीचं ब्लेड अशा शेकडो भावांच्या गर्दीत शिरतात आणि हौदात पडलेल्या साखरेच्या दाण्यासारखे विरघळून जातात. महिनाअखेरीला महागाईचा एक आकडा बाहेर पडतो. त्यात माझी वीज कुठली आणि कुणाची चप्पल कुठली, हे ओळखण्याची कुणाची टाप नाही!

मला हे फार खुपायचं. एक दिवस धीर करून साहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, महागाई मोजायला एवढा पसारा कशाला? घरातली वीज आणि गॅस, बस्स! पाव भाजायला वीज, इस्त्रीला वीज, चहाला गॅस. जे काही महाग व्हायचं ते आधी तिथे महाग होतं आणि मग दुकानात पोचतं. घरातला मीटर म्हणजे महागाईची नाडी आहे, साहेब!"

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "तुमची रजा किती शिल्लक आहे?"

खात्याला नको असेल तर नको! मी ठरवलं, आपल्या इमारतीला तरी या ज्ञानाचा लाभ द्यायचा. येताना एक पांढरा फळा विकत आणला आणि तळमजल्यावर, जिना सुरू होतो तिथेच, भिंतीत दोन खिळे ठोकून लटकवला. वर निळ्या अक्षरांत लिहिलं: 'घरगुती ऊर्जा भाव निर्देशांक. दर रविवारी.' खाली पहिल्या आठवड्याचा आकडा लिहिला: शंभर. सुरुवात शंभरापासूनच करतात. आमच्या विषयात तसा दंडकच आहे.

आकडा यायचा कुठून? तर माझ्याच घरातून. दुसऱ्याच्या मीटरमध्ये डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावण्यासारखं, आणि आमच्याकडे मीटर ज्याच्या त्याच्या दाराच्या आत, चौकटीच्या वर असतात. मी दर रविवारी स्टुलावर चढणार, आठवड्याची वीज पाहणार, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून किती गॅस गेला ते पाहणार, दोन्हींचे पैसे मांडणार आणि मागच्या आकड्याशी ताडून फळ्यावर लिहिणार.

"पण हे भाव झाले की..." बायकोने काहीतरी विचारायला सुरुवात केली.

"मध्ये बोलू नकोस, हिशेब चुकेल!" मी स्टुलावरून म्हणालो.

बायको माझी दातांची डॉक्टर. समोरच्याला 'आ' करायला लावून आपण गप्प राहायची तिला धंद्यामुळेच सवय. ती गप्प बसली. त्या वेळी तिला पूर्ण वाक्य बोलू दिलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती!

घरात तिसरे होते माझे सासरे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. सासूबाई गेल्या, हातही थोडे कापायला लागले, तेव्हा दुकान विकून ते आमच्याकडे राहायला आले होते. आले तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, फिरायला चला म्हटलं की चपला घालायचे. एकदा मीच विचारलं, "बाबा, करमत नाही का?"

"तसं नाही हो, जावईबापू. तुमची सगळी घड्याळं बॅटरीची. आवाजच करत नाहीत. दुकानात चारशे घड्याळं टिकटिकायची. इथे कानात नुसता कापूस भरल्यासारखं वाटतं."

मी त्यांना निर्देशांक समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

दुसऱ्या रविवारी स्टुलावर चढलो आणि उतरताना पडता पडता वाचलो. आकडा एकशे एकोणीस! विजेतही वाढ, गॅसमध्येही वाढ! दोन्ही एकाच वेळी! मला खरं तर काळजी वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, आनंदाने माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. नाडी लागली होती! सोमवारी फोनवर पुन्हा 'तोच' ऐकू आलं, पण त्या कंपन्यांना काय कळतं?

फळ्यापुढे पहिला थांबला तो लॉन्ड्रीवाला. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दोन दुकानं आहेत. एक त्याची लॉन्ड्री, दुसरी बेकरीवाल्या बाईंची बेकरी. मागच्या बाजूला इमारतीचे मालक राहतात.

"एकशे एकोणीस म्हणजे काय हो?" लॉन्ड्रीवाल्याने हातातले शर्ट सावरत विचारलं.

"म्हणजे आठवड्यापूर्वी वीज आणि गॅसला जिथे शंभर लागायचे, तिथे आज एकशे एकोणीस."

"अरे बापरे! पण माझं बिल तर अजून आलं नाही."

"बिल दोन महिन्यांनी येतं!" मी हसलो. असं हसताना मी ऑफिसात साहेबांना पाहिलं होतं. "बिल येईल तेव्हा जे कळायचं, ते मी तुम्हाला आजच सांगतोय. यालाच आगाऊ सूचना म्हणतात."

लॉन्ड्रीवाला विचारात पडला. दिवसभर त्याच्या दुकानात चार इस्त्र्या आणि दोन राक्षसी मशिनं चालतात. संध्याकाळी त्याच्या काचेवर कागद लागला: 'ऊर्जा महाग झाल्यामुळे इस्त्रीचे दर वाढवले आहेत. माहितीसाठी जिन्यातला फळा पाहावा.'

फळा पाहावा! मी तो कागद जाता-येता वाचला. दोनदा तर काही काम नसताना खाली उतरून वाचला.

घरात मात्र मी काटकसरीचा बडगा उगारला. भाव एवढे चढत असताना घरच्यांनी तरी सावध नको का राहायला? खोलीतून कुणी बाहेर पडलं की मी दिवा बंद करायचा. बायको पुस्तक वाचता वाचता पाणी प्यायला उठली, तरी बंद! परत येताना ती टेबलाला धडकायची आणि जे काही बोलायची ते इथे लिहिता येणार नाही. सासऱ्यांनी मोबाइल चार्जिंगला लावला, तर मी त्यांना अर्धा तास ऊर्जेचं महत्त्व सांगितलं. ते काहीतरी सांगायला आले होते खरं. पण माझं संपेपर्यंत मोबाइल पूर्ण भरला आणि ते तो घेऊन निघून गेले.

याच सुमारास त्यांच्यात एक छान बदल दिसायला लागला. खुर्चीत बसेनात! दिवसातून कितीतरी वेळा जिना चढून गच्चीवर जायला लागले, गाल लाल, डोळ्यांत चमक. हातात बऱ्याचदा गरम पाण्याचं भांडं.

"बाबा, गरम पाणी कुठे निघालं?"

"गच्चीवर. पाय शेकायला."

"या थंडीत? गच्चीवर?"

"हवा चांगली आहे," ते म्हणाले आणि तरातरा वर गेले.

म्हाताऱ्या माणसाच्या लहरी! मी म्हटलं, चला, व्यायाम होतोय. बायकोकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

तिसऱ्या रविवारी आकडा एकशे अडतीस.

आता बेकरीवाल्या बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. भक्कम बाई, हात मनगटापर्यंत कायम पिठात. त्यांनी आकडा वाचला, लॉन्ड्रीचा कागद वाचला आणि पावाचे दर वाढवले. "भट्टी विजेची. शिवाय माझ्याकडे कामाला असलेल्या मुलींचे एप्रन धुवायला याच्याकडेच जातात. याने वाढवले तर मी काय करू?"

लॉन्ड्रीवाल्याला हे कळलं. त्याच्याकडची माणसं रोज दुपारी बेकरीतलाच पाव खातात. त्याने दर पुन्हा वाढवले. मग एप्रन पुन्हा महाग. मग पाव पुन्हा महाग. शेजारी शेजारी असलेली ती दोन दुकानं एकमेकांचा हात धरून फुगडी घालावी तशी वर वर निघाली! मी प्रत्येक वाढ फळ्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत नोंदवली आणि खाली लिहिलं: 'सिद्ध झाले. ऊर्जा वाढली की सर्व वाढते.'

ऑफिसात मी मुद्दाम मोठ्याने शेजारच्या टेबलाला म्हणालो, "आमच्या भागात पाव भडकला बरं का! मला तीन आठवड्यांपूर्वीच कल्पना होती." साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्यांनी ते हळूच लावून घेतलं.

इतके दिवस मालक काही बोलले नव्हते. मालक म्हणजे अंगाने भरदार, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि चेहरा असा की हसले तर भिंतीचा रंग उडेल अशी त्यांना भीती वाटत असावी. ते पाव खातात आणि त्यांचे शर्ट लॉन्ड्रीत जातात. एका सकाळी फळ्यासमोर ते हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. दुपारी प्रत्येक घराच्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली. पुढल्या महिन्यापासून भाडं वाढणार. कारण: जिन्यातला फळा.

दुकानांचंही भाडं वाढलं, म्हणून इस्त्री वाढली, म्हणून पाव वाढला! मी लाल पेन संपवून दुसरं आणलं.

आणि मग आमच्या वरच्या मजल्यावरची नर्स जिन्यात भेटली. ती आणि तिची आई, दोघीच राहतात. आईचे गुडघे धरलेले. नर्सची ड्यूटी संपली असावी. खांद्यावर पिशवी, पायात ते पांढरे बूट. ती फळ्यापुढे उभी होती. मला पाहून म्हणाली, "दादा, एक विचारू? हा आकडा अजून किती चढेल?"

"कल सध्या वरच्या दिशेनेच आहे," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे मला ठरवायला बरं. हॉस्पिटल इथून जवळ आहे, दुपारी आईला जेवायला घालून परत जाता येतं. पण नवं भाडं झेपणार नाही. तुम्ही म्हणालात अजून चढणार, तर मी आत्ताच लांब कुठेतरी जागा बघायला लागते."

तिच्या आवाजात राग नव्हता. वेधशाळेत फोन करून छत्री घेऊ का विचारावं, तसं ती मला विचारत होती. माझ्या तोंडून निघालं, "ताई, आकडा काही कुणाच्या हातात नसतो."

"हो, ते आहेच," ती म्हणाली आणि वर गेली. तिच्या बुटांचा आवाज येत नाही. मी एकटाच फळ्याकडे बघत उभा राहिलो. एकशे एकसष्ट. माझ्याच अक्षरातला तो आकडा पहिल्यांदाच मला जरा माजल्यासारखा दिसला. त्या रात्री जेवण काही नीट गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात विजेची बिलं आली.

सुट्टीचा दिवस होता. मी दाढी करत होतो, एवढ्यात दारावर थापा! उघडतो तर अख्खी इमारत दारात! पुढे लॉन्ड्रीवाला, मागे बेकरीवाल्या बाई, त्यांच्या मागे मालक, आणि जिन्याच्या पायरीवर नर्स. प्रत्येकाच्या हातात बिल.

"हे काय?" लॉन्ड्रीवाल्याने बिल माझ्या फेसाळ तोंडासमोर धरलं. "गेल्या वेळेइतकंच आहे! उलट दोन पैसे कमी!"

"माझंही तेवढंच!" बेकरीवाल्या बाई गरजल्या. "दर तोच! खाली छापलाय, वाचा!"

"माझंही तेवढंच आहे, दादा," मागून नर्स म्हणाली.

"काहीतरी चूक आहे," मी फेस पुसत म्हणालो. "थांबा, माझं बिल दाखवतो!"

माझं बिल टेबलावरच होतं. मी ते सर्वांसमोर ऐटीत उघडलं. वाचलं. मग चष्मा लावून वाचलं. मालकांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शीळ वाजली. ते बिल घराचं नव्हतंच! एखादा छोटा कारखाना तिन्ही पाळ्यांत चालवावा, तसं ते बिल होतं!

"अहो, तुम्ही घरात करता तरी काय?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं. "माझी एक भट्टी तुमच्याकडे तर नाही?"

"मी? मी दिवासुद्धा लावत नाही! बायकोला विचारा! माझ्याकडे अंधार असतो!"

"ते मात्र खरं आहे," बायको म्हणाली. तिच्या नडगीवर टेबलाच्या कोपऱ्याचे वळ होते.

आता माझ्या अब्रूचा प्रश्न होता. "मी सिद्ध करतो!" मी ओरडलो. "सगळे मीटरकडे बघा!" आणि मी घरभर धावत सुटलो. दिवे बंद, पंखे बंद, फ्रिजची पिन काढली, दारावरच्या घंटीची तारसुद्धा उपटली. धापा टाकत परत आलो. "आता? आता बघा, थांबला असेल!"

चौकटीच्या वर मीटरचा लाल दिवा असा लुकलुकत होता, जणू त्याला फेफरं आलंय.

"चोरी!" लॉन्ड्रीवाला ओरडला. "कुणीतरी तुमच्या तारेवर आकडा टाकलाय!"

"तुमच्या डोक्यावर कोण राहतं?" मालकांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना एकदम जिन्याकडे वळल्या. नर्स पायरीवरून दोन पायऱ्या खाली आली. "म्हणजे मी?" ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मग लाल झाला. "माझं बिल वाढलं नाही, म्हणून मी चोर? वाढलं असतं तर काय म्हणाला असता?"

"कुणी ताईंचं नाव घेऊ नका!" मी म्हणालो, आणि हे एक वाक्य तरी त्या महिन्यात मी शहाण्यासारखं बोललो. पण पुढचं लगेच बिघडवलं. "मी मेन स्विच बंद करतो. मग ज्याच्या घरातली वीज जाईल, तो चोर! साधा हिशेब आहे!"

मी स्टुलावर चढलो. हात मेन स्विचवर ठेवला.

"थांब!"

माझी बायको! तिचा एवढा मोठा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. "मेनला हात लावायचा नाही! आजच्या दिवशी तर मुळीच नाही!"

"का? आज काय आहे?"

"खाली उतर. आणि सगळे माझ्याबरोबर वर चला. आवाज करू नका."

तिने आधी मला धुण्याच्या मशिनकडे नेलं आणि मागे बोट दाखवलं. तिथून एक जाडजूड काळी वायर निघाली होती. ती खिडकीच्या फटीतून बाहेर, पाण्याच्या पाइपाला बांधलेली, थेट वर गेलेली. मी या घरात राहतो! रोज त्या मशिनशेजारी दात घासतो! पण मी वर मीटरकडे बघत असे ना, खाली कशाला बघतोय?

आम्ही सगळे चवड्यांवर जिना चढलो. मालकांनी किल्ल्यांचा जुडगा आवाज होऊ नये म्हणून मुठीत घट्ट धरला होता. गच्चीवर टाकीशेजारी मोडक्या खुर्च्या ठेवायची एक खोली आहे. तिच्या दाराच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. बायकोने दार ढकललं. तोंडावर अशी ऊब आली, की बेकरीवाल्या बाई सवयीने म्हणाल्या, "अजून पाच मिनिटं लागतील."

आत एक हीटर लाल होऊन घुमत होता. दोन मोठे दिवे. गरम पाण्याची भांडी. मधोमध एक काचेच्या झाकणाची पेटी, आणि तिच्यावर ओणवे झालेले माझे सासरे! डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलेलं, हातात बारीक चिमटा.

"शूऽऽ! दार लावा!" ते न बघताच म्हणाले. "ऊब जाते."

आम्ही सगळे आत शिरलो आणि दार लावलं. पेटीत मऊ कापडावर डझनभर अंडी होती. मोठी, हिरवट झाक असलेली.

"बदकाची," ते म्हणाले. "माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या तळ्यावरची. बदकीण मेली, म्हणून तो टाकून द्यायला निघाला होता. मी म्हटलं, द्या इकडे. एकसारखी ऊब ठेवायची, एकसारखा ओलावा ठेवायचा. घड्याळासारखंच आहे, जरा इकडेतिकडे झालं की बंद पडतं." मग त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. "जावईबापू, कान लावा."

मी वाकून पेटीला कान लावला. आतून आवाज येत होता. टिक. टिक. टिक टिक. बारा बाजूंनी, बारीक, एकमेकांच्या पुढेमागे. आतली पिल्लं चोचींनी कवच ठोकत होती.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते भिंग काढून डोळा पुसत होते. मी पुन्हा पेटीला कान लावला.

तेवढ्यात कडेच्या अंड्याला तडा गेला. एक चोच बाहेर आली, मग एक ओला, चुरगळलेला गोळा धडपडत पुढे सरकला आणि आमच्याकडे बघून रागाने ओरडला. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "इस्त्री करायला पाहिजे याला!" आणि सगळे हसले. मालकसुद्धा. भिंतीचा रंग शाबूत राहिला.

"पण मला का नाही सांगितलं?" मी बायकोला हळूच विचारलं.

"बाबा सांगायलाच आले होते. तू त्यांना चार्जिंगवर व्याख्यान दिलंस. आणि मी पहिल्याच दिवशी विचारत होते, हे भाव आहेत की खर्च? तू म्हणालास, मध्ये बोलू नकोस."

"म्हणजे," लॉन्ड्रीवाला सावकाश म्हणाला, "भाव वाढलेच नव्हते?"

"नव्हते," मी म्हणालो. भाव आणि खर्च हा फरक मी ऑफिसात नव्या माणसांना पहिल्या दिवशी समजावतो. खडू घेऊन! "वीज तेवढ्याच भावाची. आम्ही जास्त जाळली, एवढंच."

"मग मी दर कशामुळे वाढवले?"

"पाव महागला म्हणून."

"आणि मी?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं.

"एप्रन महागले म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. खोली लहान होती आणि बाईंचे हात मोठे होते. मी सासऱ्यांच्या मागे सरकलो.

"बरं, मग आता उतरवा दर," नर्स म्हणाली. आजाऱ्याला गोळी घ्यायला लावावी, त्या आवाजात.

"आधी त्याने!" बाई म्हणाल्या.

"आधी त्यांनी! पाव उतरल्याशिवाय मी कसा उतरवू?"

"पाव आणि इस्त्री उतरल्याशिवाय मी तरी भाडं कसं उतरवू?" मालक म्हणाले.

शेवटी ठरलं की तिघांनी एकदमच बोलायचं. नर्सने मोजलं. एक, दोन, तीन! कुणीच बोललं नाही. तिघंही दुसऱ्याची वाट बघत होते. पुन्हा मोजलं. पुन्हा चिडीचूप! तेवढ्यात सासऱ्यांनी वाळलेलं पहिलं पिल्लू अलगद उचललं आणि उबेला म्हणून सर्वांत जाड माणसाच्या, म्हणजे मालकांच्या, ओंजळीत ठेवलं. पिल्लाने दोनदा इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ मालकांच्या बाहीत डोकं खुपसून झोपी गेलं.

मालक पुतळ्यासारखे उभे राहिले. श्वाससुद्धा जपून घेत होते. मग अगदी कुजबुजत म्हणाले, "भाडं जुनंच."

"इस्त्री जुनीच," लॉन्ड्रीवाला कुजबुजला.

"पाव जुनाच," बाई म्हणाल्या, "म्हणजे दर! पाव ताजाच असतो!"

नर्स दाराला टेकली आणि तिने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "ताई, माफ करा. तो आकडा माझ्याच हातात होता."

"दादा, माझ्या आईला खुर्चीत बसवून इथे आणू का?" ती म्हणाली. "तिला हे बघायचं असेल." आणि मग लॉन्ड्रीवाल्याने आणि मी मिळून त्या माउलीला खुर्चीसकट गच्चीवर चढवलं. ती संध्याकाळपर्यंत तिथून हलायला तयार नव्हती.

बारापैकी अकरा पिल्लं बाहेर आली. बिल मी दोन हप्त्यांत भरलं. फळा त्याच दिवशी काढून टाकला. त्याचा उतार करून सासऱ्यांनी पिल्लांना टबात चढायची सोय केली, आणि त्यावर अजूनही पुसट निळ्या अक्षरांत 'निर्देशांक' वाचता येतं. आता गच्चीवर सकाळ-संध्याकाळ मैफल असते. सासरे खुर्चीत बसतात ते फक्त जेवताना. नर्सची आई पिल्लांना ओरडते, मालक खिशात दाणे घेऊन फिरतात आणि कुणी बघत नाही असं वाटलं की बदकांशी बोलतात. साहेबांनी एकदा विचारलं, "काय हो, तुमच्या भागातला पाव कसा आहे?" मी म्हणालो, "ताजा, साहेब." दोघांनाही बरं वाटलं.

उन्हाळा सरता सरता बदकं अंडी घालायला लागली. सासऱ्यांनी ती इमारतीत विकायला काढली. जावई म्हणून मला सवलत वगैरे काही नाही. परवा मी टोपली घेऊन वर गेलो, तर भाव वाढलेला!

"बाबा, हे काय? गेल्या आठवड्यात तर कमी होता."

"वाढवला," ते म्हणाले.

"का? दाणे महागले?"

"नाही. तेच आहेत."

"हीटर तर केव्हाच बंद झाला. मग कशामुळे?"

त्यांनी भिंगातून एक अंडं उन्हाकडे धरलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि माझ्या टोपलीत ठेवलं.

"एकंदरीत," ते म्हणाले.

मी भाव विभागात इतकी वर्षं काढली, पण 'एकंदरीत' यावर काय उत्तर द्यायचं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मी पैसे दिले आणि खाली आलो.